फवारणीच्या आधी एक फोटो

आज आपण बोलणार आहोत कोळ्याच्या जाळ्याचा जवळून फोटो कसा काढायचा, यावर. घरातली जळमटं झाडता झाडता जन्म जातो, आणि वर त्यांचेच फोटो काढायचे, असं तुम्ही म्हणाल. शेवगावच्या आमच्या गटातही आधी अशीच हसाहशी झाली होती.

गेल्या भाद्रपदात एका मावशींच्या परसबागेत दोडक्याच्या मांडवाला मोठं गोल जाळं लागलं. मावशी खराटा घेऊनच निघाल्या. गटाच्या वहीचे फोटो काढायला आणलेला मोबाईल आमच्या हातात होता, म्हणून सहज एक फोटो घेतला. मोठा करून पाहिला, तर कोळ्याच्या पायाशी पांढऱ्या धाग्यात बांधलेलं गाठोडं. अजून मोठा केला, तर त्यातून पतंगाचे पंख दिसले. "म्हणजे हा आपल्या मांडवाची राखणच करतोय की गं," म्हणत मावशींनी खराटा खाली ठेवला.

आपल्याकडे पावसाळ्यानंतर बागेत जो पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा कोळी दिसतो, त्याचं शास्त्रीय नाव अर्जिओपी. डोकं खाली करून, पायांच्या जोड्या जुळवून तो जाळ्याच्या मधोमध बसतो. जाळ्यावर फुलीसारखी नागमोडी पांढरी नक्षी असते, म्हणून इंग्रजीत त्याला सिग्नेचर स्पायडर, म्हणजे सही करणारा कोळी म्हणतात. मोठी दिसते ती मादी. नर तिच्यापुढे अगदीच लहान. कोळी हा कीटक नव्हे. कीटकाला सहा पाय असतात, कोळ्याला आठ. जाळ्याचे मधून बाहेर जाणारे धागे चिकट नसतात. गोल फिरणारे धागे चिकट असतात, भक्ष्य अडकतं ते त्यांनाच.

आता फोटोचं. सकाळी दव वाळायच्या आत जा. तेव्हा वाराही कमी असतो. मोबाईलची काच मऊ सुती कापडानं पुसा. जाळ्याच्या समोर, त्याच्याच उंचीवर बसा आणि कोपर गुडघ्यावर टेकवा, म्हणजे हात हलत नाही. फार जवळ गेलात तर चित्र धूसर येतं. वीतभर लांब राहा आणि नंतर फोटो मोठा करा. पडद्यावर कोळ्यावर बोट टेकवलं की तो स्पष्ट होतो. जाळ्यामागे कुणाला तरी काळी छत्री किंवा गडद लुगडं धरायला सांगा. ऊन बाजूनं आलं की धागा न् धागा चमकतो. फ्लॅश नको. जाळं उठून दिसावं म्हणून त्यावर पीठ भुरभुरू नका. त्यानं धाग्यांचा चिकटपणा जातो आणि कोळी उपाशी राहतो. त्याला हातातही धरू नका, तो चावू शकतो.

मग हीच सवय आम्ही कपाशीत नेली. एका ताईंच्या घरी फवारणीचा बेत ठरला होता. कारण काय, तर शेजारच्या रानात औषध मारलं. ताईंनी सकाळी पानांच्या खालच्या बाजूचे आणि कोळ्यांचे फोटो काढले, घरात दाखवले, कृषी सहायकांनाही दाखवले. किडी थोड्या आणि कोळी बरेच, असं दिसलं. फवारणी आठ दिवस पुढे गेली. पुढे एकदा औषध मारावं लागलंच. कोळी काही सगळी कीड संपवत नाही, कधी मधमाशीही धरतो. पण एक फवारणी वाचली.

औषध कुणीही आणलं, तरी फवाऱ्याचं पाणी आपणच वाहतो. खुरपायला आणि कापूस वेचायला त्याच रानात आपणच वाकतो. कधी फवारायचं हे मात्र आपल्याला कुणी विचारत नाही. ताईंच्या हातात फोटो होता, म्हणून त्यांचं बोलणं ऐकून घेतलं गेलं.

जाता जाता एक सांगतो. ठाणे जिल्ह्यात सापडलेल्या, जाळं न विणता उडी मारून शिकार करणाऱ्या एका नव्या कोळ्याला शास्त्रज्ञांनी शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं. एवढ्याशा जीवाला एवढा मान!

तेव्हा उद्या सकाळी खराटा उचलण्याआधी मोबाईल उचला. फोटो गटाच्या बैठकीत आणा, मिळून बघू.