लष्करी पट्टे, रंगाच्या गोळ्या आणि काही पक्के गैरसमज

पेंटबॉल खेळायला जायचं ठरलं की मीरा रोड-भाईंदरच्या तरुण गटांत पहिली खरेदी बहुधा चुकीच्या वस्तूची होते. मैदान ठरलेलं नसतं, तिथे किती गोळ्या मिळतात हे कुणी विचारलेलं नसतं, पण पाउच लावलेला एखादा 'मिलिटरी' पट्टा किंवा जाळीदार जॅकेट आधी घरात आलेलं असतं. या सामानाला माझा विरोध नाही. त्यातल्या काही वस्तू खरोखर उत्तम असतात. मात्र त्या ज्या ओझ्यासाठी घडवल्या गेल्या, ते ओझं आणि पेंटबॉलचं ओझं यांत मोठा फरक आहे. जवळजवळ सगळे गैरसमज या फरकाकडे दुर्लक्ष केल्यामुळेच झाले आहेत.

पहिला समज असा, की पेंटबॉल हा लष्करी सरावातून निघालेला खेळ आहे, म्हणून लष्करी सामान हाच त्याचा मूळ पोशाख. तसं नाही. अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हेनिकर या गावी २७ जून १९८१ रोजी बारा जण जंगलात उतरले, तो पहिला सामना मानतात. त्यांच्या हातात होतं 'नेलस्पॉट ००७' नावाचं पिस्तूल. तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर खूण करण्यासाठी ते बनवलं होतं. वनखात्याची माणसं आणि पशुपालक ते वापरत. त्याला १२ ग्रॅमची छोटी गॅस-कुपी लागे आणि गोळ्या मोजक्याच भरता येत. जिंकला तो रिची व्हाइट हा जंगलात काम करणारा माणूस. त्याने सगळे झेंडे गोळा केले आणि पूर्ण सामन्यात एकही गोळी झाडली नाही. पाठीवर ओझं असतं तर इतकं चोरपावलांनी फिरणं त्याला जमलं असतं का, याचा विचार खरेदीआधी जरूर करावा.

आधी विचारा: न्यायचं काय आहे?

आपल्याकडे बहुतेक खेळाडू स्वतःचा मार्कर, म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडणारी बंदूक, बाळगत नाहीत. लोणावळ्याजवळच्या डेला अ‍ॅडव्हेंचरसारख्या ठिकाणी किंवा कर्जतच्या बाजूच्या रिसॉर्टवर मार्कर, मास्क आणि छातीचं संरक्षक कवच मैदानच देतं. गोळ्या ठरावीक संख्येने विकत मिळतात. मार्करच्या डोक्यावरच्या हॉपरमध्ये साधारण २०० गोळ्या मावतात. तुम्ही ५० किंवा १०० गोळ्यांचं तिकीट काढलं असेल, तर त्या सगळ्या हॉपरमध्येच जातात आणि अंगावर वाहून न्यायला काही उरत नाही. अशा खेळाडूने सहा पाउचचं जॅकेट चढवलं, तर तो रिकाम्या कप्प्यांसह पळतो, घामाघूम होतो आणि आडोशाला बसताना अडखळतो. त्याला हवी पाण्याची बाटली आणि मास्कची काच पुसायला एक मऊ कापड. पँटचे दोन खिसे पुरतात.

ओझ्याचा प्रश्न खरा सुरू होतो तो जास्त गोळ्या घेऊन तासन्‌तास चालणाऱ्या खेळांत, जिथे पॉड लागतात. पॉड म्हणजे टोपण असलेला प्लास्टिकचा नळकांड्यासारखा डबा. तो हॉपरवर उलटा केला की गोळ्या आत जातात.

'रायफलच्या मॅगझिनचा पाउच आहे, त्यात पॉड बसणारच'

हा सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज आहे.

सुमारे १४० गोळ्यांचा पॉड घ्या. एका गोळीचं वजन साधारण ३ ग्रॅम, म्हणजे भरलेल्या पॉडमध्ये सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास माल. ३० गोळ्यांनी भरलेल्या ५.५६ मिलिमीटरच्या रायफल मॅगझिनचं वजनही जवळपास तेवढंच, अर्ध्या किलोच्या आत-बाहेर. वजनाचा फरक फारसा नाही, आकाराचा मात्र मोठा आहे. मॅगझिन चपटं असतं, जाडी जेमतेम अडीच सेंटीमीटर. पॉड गोल असतो, व्यास सहा-साडेसहा सेंटीमीटर आणि उंची जवळपास वीतभर. तो मॅगझिनच्या दुपटीहून जास्त जागा खातो. त्यामुळे एका मॅगझिनच्या पाउचमध्ये पॉड शिरतच नाही. तीन मॅगझिनांच्या जुन्या पाउचमध्ये बसलाच तर एक बसतो, तोही इतका घट्ट की ऐन वेळी निघत नाही.

म्हणून पाउचच्या नावावर न जाता त्याच्या मापावर जा. गोल, खोल वस्तूंसाठी शिवलेले पाउच इथे कामी येतात. अमेरिकी लष्कराच्या पाण्याच्या बाटलीच्या कव्हरमध्ये अनेकदा दोन पॉड शेजारी शेजारी उभे राहतात. हलक्या मशीनगनच्या २०० गोळ्यांच्या डब्यासाठी असलेला मोठा पाउच तर परदेशातले पेंटबॉल खेळाडू याच कामासाठी शोधत असतात. दुकानात जाताना रिकामा पॉड खिशात घेऊन जा आणि पाउचमध्ये तीन-चार वेळा घालून काढून पाहा. तोही एका हाताने आणि पाउचकडे न बघता, कारण खेळात दुसरा हात मार्करवर असतो.

इथेच लष्करी रचनेची दुसरी अडचण दिसते. सैनिकाची वस्तू पडता कामा नये, म्हणून त्याच्या पाउचला झाकण, झाकणाला बटण किंवा क्लिप आणि कधी वर वेल्क्रो असतो. पेंटबॉलच्या खास पट्ट्यात पॉड ताणलेल्या इलॅस्टिकमध्ये टोपण खाली करून बसवतात. हात मागे नेला, ओढला की पॉड सुटतो. वेल्क्रोचा फर्र आवाज शांत जंगलात वीस पावलांवर सहज ऐकू जातो. झाडीत लपून खेळणाऱ्याने वेल्क्रोपेक्षा बटणाचे पाउच निवडावेत, हा माझा आग्रह आहे.

तीन पिढ्यांचं सामान बाजारात एकत्र मिसळलेलं दिसतं, म्हणून ओळख हवी. १९३७ च्या नमुन्याचं जाड सुती पट्ट्यांचं आणि पितळी बकलांचं सामान दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांबरोबर भारतीय सैन्यानेही वापरलं. त्याचा पुढचा मोठा पाउच ब्रेन मशीनगनच्या मॅगझिनसाठी आखला होता. नंतर १९७० च्या दशकात अमेरिकेत 'अ‍ॅलिस' आलं, नायलॉनचं, कमरेच्या पट्ट्यावर आणि खांद्यावरच्या पट्ट्यांवर तोललेलं. १९९० च्या दशकाच्या अखेरीस 'मॉली' आलं. त्यात जॅकेटवर एक इंच रुंदीच्या आडव्या पट्ट्या एकेक इंच अंतराने शिवलेल्या असतात, त्यांत पाउच विणून हवा तिथे बसवता येतो. पेंटबॉलसाठी शेवटची रचना सर्वांत सोयीची, कारण रांगत, गुडघ्यांवर घसरत खेळणाऱ्याला पोटावरचे पाउच नको असतात. ते काढून कमरेला किंवा पाठीकडे लावता येतात. जे मार्कर हॉपरऐवजी मॅगझिनवर चालतात, त्यांच्यासाठी मात्र लष्करी मॅगझिन पाउच खरोखर योग्य ठरू शकतात. भाड्याने मिळणाऱ्या मार्करांत तसे क्वचितच दिसतात.

गॅसची बाटली ही पाण्याची बाटली नव्हे

बाटलीच्या पाउचमध्ये जास्तीचा सिलिंडर छान बसतो, म्हणून तो तिथे ठेवायला हरकत नाही, असं मानलं जातं. याबाबत मी अजिबात सैल बोलणार नाही.

मार्कर दाबाखालच्या हवेवर किंवा कार्बन डायऑक्साइडवर चालतात. हवेच्या बाटलीत ३,००० किंवा ४,५०० पीएसआय इतका दाब असतो. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो, यावरून कल्पना करा. कार्बन डायऑक्साइडचा स्वभाव वेगळा आहे. तो बाटलीत द्रवरूपात असतो आणि २० अंश सेल्सिअसला त्याचा दाब साधारण ५७ बार असतो. ३१ अंशांच्या वर मात्र द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही, आणि काठोकाठ भरलेल्या बाटलीत दाब फार वेगाने चढतो. भाईंदरच्या एप्रिल-मेच्या दुपारी सावलीतलं तापमानही सहज ३१ च्या वर जातं. काळ्या नायलॉनच्या पाउचमध्ये, उन्हात, किंवा काशीमिऱ्याच्या हायवेवर काचा बंद करून उभ्या केलेल्या गाडीत काय होईल, ते वेगळं सांगायला नको. बाटलीच्या तोंडाशी असलेली सुरक्षा चकती अशा वेळी फुटून गॅस सोडते. ती फुटावी म्हणूनच बसवलेली असते, पण तेव्हा बाटली कमरेला असू नये.

जुन्या सुती पट्ट्यात धातूची बाटली नुसती अडकवून पळणं हाही धोकाच. ती निसटून व्हॉल्व्हवर पडली, तर इजा होऊ शकते. देशातले गॅस सिलिंडर 'गॅस सिलिंडर नियम, २०१६' खाली येतात आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या पेसो या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. चोरबाजारात कुणी मुदतीचा शिक्का नसलेली बाटली दिली, तर ती घेऊ नका. लोकलने प्रवास करताना भरलेली बाटली बॅगेत नेऊच नका. गॅस मैदानावरच भरून घ्या.

जॅकेट म्हणजे कवच नव्हे

पाउचचं जॅकेट अंगावर असलं की मार लागत नाही, हे अर्धसत्य आहे. पॉडवर आदळलेली गोळी टोचत नाही, एवढंच. गोळीचा वेग सेकंदाला ९१ मीटरपर्यंत, म्हणजे ३०० फुटांपर्यंत ठेवण्याचा रिवाज आहे. छातीपेक्षा डोळ्यांना त्याचा धोका फार मोठा आहे. लष्करी गॉगल घालून मास्क टाळणारे खेळाडू इथेच चुकतात. तो गॉगल कितीही भक्कम असो, तो कान, गाल आणि तोंड झाकत नाही. पेंटबॉलच्या मास्कसाठी एएसटीएम एफ-१७७६ हे वेगळं मानक आहे. मैदानाचा मास्क खेळ थांबेपर्यंत चेहऱ्यावरून काढायचा नाही. जाड, लोंबत्या पाउचवर गोळी पुष्कळदा न फुटता उसळते आणि 'लागली की नाही' यावर वाद होतात. नियमाने गोळी फुटली नाही, तर बहुतेक ठिकाणी खेळाडू बाद धरत नाहीत. समोरच्याला मात्र तुम्ही फसवताय असं वाटतं.

उत्तनच्या किनाऱ्यावर लष्करी रंग

'लष्करी नक्षीचे कपडे घातले की तुरुंग' आणि 'खेळ आहे, काही होत नाही' हे दोन्ही टोकाचे समज चूक आहेत. भारतीय न्याय संहितेचं कलम १६८ सांगतं, की सैनिक नसताना लोकांनी आपल्याला सैनिक समजावं या हेतूने त्याच्यासारखा पोशाख किंवा खूण धारण केली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. त्यात हेतू महत्त्वाचा आहे. हिरवा साधा पट्टा कमरेला बांधणं हा गुन्हा नाही. पण पदचिन्हं, पलटणीचे बिल्ले, 'आर्मी' लिहिलेल्या पट्ट्या अंगावर लावायचं कारणच काय? त्या सैनिकांनी कमावलेल्या असतात. लष्कराचा नवा युद्धपोशाख १५ जानेवारी २०२२ च्या सैन्यदिनी दाखवला गेला आणि त्याच्या नक्षीची नोंदणी लष्कराने स्वतःच्या नावावर केली आहे. तिची नक्कल विकणं बेकायदा आहे. ती विकत घेणाऱ्यानेही दूर राहावं.

कायद्यापलीकडे आपल्या भागाची परिस्थिती पाहायला हवी. मुंबईवर २६/११ चे हल्लेखोर समुद्रातून आले. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी शस्त्रं आणि पाठीवर बॅगा घेतलेली संशयित माणसं पाहिल्याचं सांगितलं, आणि मुंबईच्या सगळ्या किनाऱ्यावर अतिदक्षतेचा इशारा गेला. नौदल, पोलीस, कमांडो सगळे शोधात उतरले. काही सापडलं नाही, पण मुलांनी सांगितलं हे योग्यच केलं. उत्तन, चौक, डोंगरी हाच किनारा आहे. तिथल्या कोळ्याने लष्करी जॅकेटमधली, हातात बंदुकीसारखं काही घेतलेली पाच मुलं पाहिली, तर तो पोलिसांना कळवणार आणि कळवायलाच हवं. म्हणून किल्ल्याजवळ, खारफुटीत किंवा मिठागरांच्या बांधावर परवानगीशिवाय सराव करू नका. मार्कर झाकलेल्या बॅगेत न्या. पट्टा आणि पाउच काळे, तपकिरी किंवा साधे हिरवे घ्या. तंबूसारख्या फुगवलेल्या आडोशांच्या मैदानावर नक्षीदार कपड्यांचा लपायला तसाही उपयोग नसतो.

जुनं म्हणजे अस्सल, अस्सल म्हणजे टिकाऊ?

'मिलिटरी' म्हणून विकलं जाणारं पुष्कळसं सामान थेट बाजारासाठीच शिवलेलं असतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, फक्त त्यासाठी सरप्लसची, म्हणजे लष्कराने विकून टाकलेल्या खऱ्या मालाची, किंमत मोजू नका. खऱ्या ब्रिटिशकालीन भारतीय वस्तूंवर बाणाची खूण आणि तिच्याखाली इंग्रजी 'आय' हे अक्षर छापलेलं आढळतं. पाश्चात्त्य देशांच्या अलीकडच्या वस्तूंवर तेरा अंकी साठा क्रमांक असतो आणि पट्टे-पाउच गटाचा तो ८४६५ ने सुरू होतो. आजच्या भारतीय सैनिकाला नुकतीच दिलेली वस्तू कुणी गुपचूप विकत असेल, तर ती घेऊ नका. लष्कराचा जुना माल लिलावानेच बाहेर पडतो.

अस्सल असली तरी ती आपल्या हवेत टिकेलच असं नाही. जुन्या सुती पट्ट्याला खाऱ्या हवेत बुरशी येते, पितळ हिरवं पडतं. नायलॉन टिकतो, पण त्याच्या आतलं रबरी अस्तर वर्षानुवर्षं गोदामात पडून चिकट झालेलं असतं. घेताना आतून हात फिरवून बघा, शिवणी दोन्ही हातांनी ताणून बघा.

रंगाने सामान कायमचं खराब होतं ही भीती सुरुवातीच्या तैलरंगाच्या गोळ्यांची आहे. तो रंग काढायला टर्पेंटाइन लागे. आताच्या गोळीत पॉलिइथिलीन ग्लायकॉल आणि खाद्यरंग असतो, वर जिलेटिनचं कवच. हे सगळं साध्या पाण्याने निघतं. रंग वाळण्याआधी पाउच उलटा करून धुवा, फुटक्या कवचाचे तुकडे शिवणीतून काढा. ते राहिले तर मुंग्या येतात आणि वास सुटतो. जिलेटिन ओल शोषतं, हे पावसाळ्यात विसरू नका. दमट हवेत गोळ्या फुगतात, मऊ पडतात आणि नळीतच फुटतात. लष्करी पाउचच्या तळाला पाणी निथळायला भोक असतं. सैनिकाच्या कामाचं ते भोक खालची ओल आतही घेतं, म्हणून सुट्या गोळ्या त्यात कधीच टाकू नका. त्या घट्ट टोपणाच्या पॉडमध्येच ठेवा. सुती पाउच जुलैत धुतला तर सावलीत पंख्याखाली दोन-तीन दिवस वाळू द्या. बोटाने दाबून शिवण कोरडी लागली की मगच पॉड आत ठेवा.