चालू हेलिकॉप्टरपाशी जाताना

ट्रॅक्टर न्यूट्रलला टाकून, चाकाला दगड लावून आपण वजनकाट्यावर स्लिप आणायला जातो. तेही बरं नव्हेच. पण हेलिकॉप्टरला असा दगड लावता येत नाही. डोक्यावरचा पंखा फिरतोय तोवर ते अर्धं उडालेलंच समजावं. पात्यांचा कोन बदलणारा दांडा थरथरीनं जरा वर सरकला, त्यात वाऱ्याचा झोत आला, की यंत्र हलकं होऊन एका अंगावर कलतं, आडवं होतं. म्हणून पंखा चालू असता पायलटानं जागा सोडायची नसते.

आपल्याकडं सभेला हेलिकॉप्टर उतरलं की माणसं धावतात. शेपटीचा लहान पंखा इतक्या वेगात फिरतो की दिसतच नाही. २३ एप्रिल २०२३ रोजी केदारनाथला तो लागून एक सरकारी अधिकारी दगावले. तेही उत्तराखंडच्या विमान वाहतूक प्राधिकरणाचेच! मोठा पंखा मंदावताना पाती खाली लवतात, हेही ध्यानात घ्या. बोलावलं तरच, पायलटाला दिसेल असं समोरून, वाकून जावं. टोपी-उपरणं उडालं तर उडू द्या. पंखा पुरता थांबेतोवर पोरांना दोरीमागंच धरा.