एक देश, तीन भाषा : स्कॉटलंडमधली मुलं काय बोलतात?

स्कॉटलंडची भाषा कोणती, असं विचारलं तर आपण पटकन 'इंग्रजी' म्हणतो. उत्तर चूक नाही, पण अपुरं आहे. तिथे इंग्रजी, स्कॉट्स आणि गेलिक अशा तीन भाषा बोलल्या जातात.

इंग्रजी : शाळा, कार्यालय, न्यायालय आणि वर्तमानपत्र यांची भाषा. ती जवळजवळ सगळ्यांना येते.

स्कॉट्स : घरात, दुकानात, खेळताना बोलली जाणारी भाषा. ही इंग्रजीची सख्खी बहीण. त्यामुळे काही शब्द जवळचे वाटतात, जसं 'हाउस'ला 'हूस'. पण काही अगदी वेगळे : मुलाला 'बेर्न', कानाला 'लग'. 2022 च्या जनगणनेत 15 लाखांहून जास्त लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते, असं नोंदवलं.

गेलिक : ही वेगळ्या शाखेतली, आयरिश भाषेची बहीण. फक्त इंग्रजी येणाऱ्याला ती कळत नाही. गंमत म्हणजे आपल्यासारखाच तिच्यात 'तू' आणि 'तुम्ही' असा फरक आहे, त्यामुळे मित्राचे आभार एका प्रकारे आणि मोठ्यांचे दुसऱ्या प्रकारे मानतात. बोलणारे सुमारे 70 हजार. पश्चिमेकडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर ती सर्वांत जास्त टिकून आहे.

शाळेने काय केलं?

1872 च्या कायद्याने शिक्षण सक्तीचं झालं, पण त्यात गेलिकला जागाच नव्हती. मुलं शाळेत आली आणि घरची भाषा दाराबाहेर राहिली. स्कॉट्सचं दुखणं वेगळं. तिला भाषाच न मानता 'बिघडलेलं इंग्रजी' म्हटलं गेलं. 25 जानेवारीला रॉबर्ट बर्न्स या कवीची जयंती असते. तेव्हा शाळेत मुलं स्कॉट्स कविता म्हणणार, टाळ्या मिळणार. आणि एरवी तेच शब्द तोंडी आले की 'नीट बोल' असं ऐकावं लागणार!

आता चित्र बदलतंय. 1985 मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेस इथे गेलिक माध्यमाचे वर्ग सुरू झाले, तेव्हा मुलं होती फक्त 24. 2025 च्या कायद्याने गेलिक आणि स्कॉट्स दोन्हींना अधिकृत दर्जा मिळाला.

तरी एक अडचण उरतेच. गेलिकला वर्ग मिळाला, पण सुट्टीची घंटा झाली की बरीच मुलं आपापसात इंग्रजीच बोलतात. स्कॉट्सचं उलटं : ती मैदानावर जिवंत आहे, वर्गात मात्र अजून संकोचते. भाषा टिकायला दोन्ही जागा लागतात, बरं का.

आपल्या वर्गातही कुणी अहिराणी, कुणी वऱ्हाडी, कुणी गोंडी घेऊन येतं. मूल घरचा शब्द बोललं की लगेच खोडू नका. तो फळ्यावर लिहा आणि शेजारी पुस्तकातला शब्द लिहा. मूल दोन्ही शिकेल, आणि घरच्या शब्दाची त्याला लाजही वाटणार नाही.