भाडेकरू कोण, हे ठरवणार कोण?

आपल्या वस्त्यांतली मुले आता अमेरिकेत नोकरी करतात, तिथे फ्लॅटही घेतात. पुढे गाव बदलले, की तो भाड्याने द्यावा असे वाटते. तेव्हा कळते की कर्ज आपले, हप्ता आपला. पण भाडेकरू ठेवण्याबाबत होमओनर्स असोसिएशनची, म्हणजे तिथल्या घरमालक संघटनेची, नियमावली पाहावी लागते. कुठे ठरावीक टक्केच घरे भाड्याने देता येतात, बाकीच्यांनी नंबर लागेपर्यंत थांबायचे. कुठे अल्प मुदतीचा करार चालत नाही. भाडेकरूने नियम मोडला तर दंड मालकाला. आणि भाडेकरूला सभेत मत नाही.

यातले सारेच नियम वाईट नाहीत. पर्यटकांची रोजची ये-जा कुणाला हवी असते? कॅलिफोर्नियात २०२१ पासून लागू झालेल्या कायद्याने ३० दिवस किंवा त्याहून कमी मुदतीचे भाडे बंद करण्याची मुभा संघटनेला दिली; मात्र भाड्याच्या घरांची मर्यादा २५ टक्क्यांखाली आणण्यास मनाई केली. आपल्याकडेही सोसायट्या मनमानी करीत, म्हणून महाराष्ट्र शासनाने २००१ मध्ये बिनभोगवटा शुल्कावर सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा घातली.

प्रश्न आहे तो नियमाच्या आड कोणाला रोखले जाते याचा. सेंट लुइस शहरातील एका रस्त्यावरच्या मालकांनी १९११ मध्ये करार केला, की कृष्णवर्णीयांना आणि आशियाई वंशाच्या लोकांना ५० वर्षे इथे राहू द्यायचे नाही. १९४५ मध्ये शेली या कृष्णवर्णीय कुटुंबाने तिथे घर घेतले. शेजारी कोर्टात गेले. ३ मे १९४८ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की असा करार कोणतेही न्यायालय राबवू शकत नाही. तसे करणे समान संरक्षण देणाऱ्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग ठरेल. १९६८ च्या कायद्याने घर विकताना आणि भाड्याने देताना वंशभेदाला बंदी घातली.

मग भेद संपला का? नाही, त्याने भाषा बदलली. टेक्सासमधील प्रॉव्हिडन्स व्हिलेज येथील संघटनेने २०२२ मध्ये नियम केला, की सरकारी भाडे-सहाय्य घेणाऱ्यांना घर द्यायचे नाही. नियमात वर्णाचा एक शब्द नव्हता. पण तिथे असे सहाय्य घेणारी बहुतेक कुटुंबे कृष्णवर्णीय होती! २०२३ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाला कायदा करून असे नियम रोखावे लागले.

आपल्याला हे नवे नाही. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या बाबासाहेबांना १९१७ मध्ये बडोद्यात कोणी जागा देईना. नाव लपवून पारशी धर्मशाळेत राहिले, तर अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. स्वतंत्र भारतातही २००५ मध्ये अहमदाबादच्या एका सोसायटीचा केवळ पारशांनाच सभासदत्व देणारा उपविधी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. आजही ‘आडनाव काय? खाता काय?’ या प्रश्नांनी किती घरे नाकारली जातात!

हेच प्रश्न भारतीय घरमालक विमानातून सोबत नेत असेल, तर त्याने एक ध्यानात ठेवावे. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिॲटल शहराने जातिभेदाला कायद्याने बंदी केली. नोकरीप्रमाणेच घरभाड्यालाही ती लागू आहे.

म्हणून परदेशात फ्लॅट घेणाऱ्या आपल्या मुलांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सही करण्यापूर्वी नियमावलीतले भाड्याचे कलम वाचा. नंतर पश्चात्ताप नको. आणि मालक म्हणून संघटनेच्या सभेत बसाल, तेव्हा प्रत्येक नव्या नियमावर एकच प्रश्न विचारा : याने दाराबाहेर कोण राहणार? ज्यांच्या बापजाद्यांना गावकुसाबाहेर ठेवले गेले, त्यांनी हा प्रश्न विचारला नाही, तर कोण विचारणार?