धुराडे शेवटचे कधी झाडले?

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात थंडीच्या दिवसांत एक दृश्य हमखास दिसते. पन्नाशी-साठीची बाई तोंडाला पदर लावून खोकत असते. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना तिला दोनदा थांबावे लागलेले असते. डॉक्टर विचारतात, ‘मावशी, बिडी-सिगारेट?’ बाई जवळजवळ रागावतेच. ‘छ्या! कधी हातात धरली नाही.’ पुढचा प्रश्न येतो, ‘स्वयंपाक कशावर?’ ‘चुलीवर. गॅस आहे, पण तो चहापुरता.’

मग नळीत जोरात फुंकायला लावून फुप्फुसांची तपासणी होते आणि अहवाल येतो सीओपीडीचा. या आजारात श्वासनलिका कायमच्या अरुंद होतात. वर्षानुवर्षे बिडी ओढणाऱ्या पुरुषांत दिसणारा हा आजार बिडीला कधी न शिवलेल्या बाईत दिसतो, कारण चाळीस वर्षे तिने चुलीपुढे बसून धूर ओढलेला असतो. गेलेली फुप्फुसाची ताकद औषधाने परत येत नाही. औषधाने दम कमी होतो आणि आजाराचा झटका टळतो, एवढेच. म्हणून खरा उपाय दवाखान्यात नाही, स्वयंपाकघरात आहे.

गॅस आला, तरी चूल आहेच

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि तिच्यातून दहा कोटींहून अधिक घरांत गॅसजोडणी पोहोचली. हे मोठेच काम आहे. तरीही २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी घरे देशात सुमारे ५९ टक्केच आढळली. शिवाय गॅस असलेल्या घरातली चूलही विझलेली नाही. सिलिंडर महाग पडतो, पऱ्हाटी-तुराटी शेतात फुकट मिळते, अंघोळीचे पाणी तापवायचे असते, जनावरांचे आंबोण शिजवायचे असते आणि भाकरी चुलीवरचीच हवी असते.

ज्यांना जमेल त्यांनी गॅस किंवा विजेच्या शेगडीवरच स्वयंपाक करावा, यात वाद नाही. पण ज्या घरात चूल राहणारच आहे, त्या घराला ‘चूल बंद करा’ एवढेच सांगून भागत नाही. चूल कुठे असावी, कशी पेटवावी आणि तिची निगा कशी राखावी, हेही सांगावे लागते.

धुरात असते काय?

लाकूड, गोवरी किंवा पऱ्हाटी पूर्ण जळाली, तर मुख्यतः वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि राख उरते. साध्या चुलीत ती पूर्ण जळत नाही. अर्धवट जळणातून दोन घातक गोष्टी बाहेर पडतात. पहिली म्हणजे अतिसूक्ष्म कण. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे किंवा त्याहूनही लहान असलेले हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार, २४ तासांच्या सरासरीत एका घनमीटर हवेत हे कण १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना हा आकडा शेकड्यांत आणि कधी हजारांतही जातो. दुसरी गोष्ट म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. या वायूला ना रंग, ना वास. त्याच्याबद्दल पुढे सविस्तर पाहू.

या धुराने सीओपीडी होतो, पाच वर्षांखालच्या मुलांना न्यूमोनिया होण्याचा धोका वाढतो, गर्भवतीचे बाळ कमी वजनाचे जन्मू शकते, हृदयविकार आणि पक्षाघाताची शक्यता वाढते. मोतीबिंदूशीही त्याचा संबंध दिसला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगात सुमारे ३२ लाख लोक अकाली दगावले. यात स्त्रिया आणि लहान मुले अधिक भरडली जातात, कारण चुलीपुढे बाई बसते आणि तिच्या मांडीवर मूल असते.

ओडिशातला धडा

धूर बाहेर नेणारी निर्धूर चूल आपल्याकडे नवी नाही. १९८०च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला आणि देशभर कोट्यवधी चुली बसवल्या. पण त्यांतल्या पुष्कळ पुढे वापरात राहिल्या नाहीत. असे का झाले असावे, याचे उत्तर ओडिशातल्या एका अभ्यासात मिळते.

रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी तेथील ४४ गावांतील सुमारे २,६०० कुटुंबांवर काही वर्षे लक्ष ठेवले. धुराडे असलेल्या सुधारित चुली बसवल्यावर पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या फुप्फुसात जाणारा धूर कमी झाला. त्यानंतर मात्र फरक पुसला गेला. चार वर्षांपर्यंत पाहिले, तरी फुप्फुसांच्या क्षमतेत आणि जळणाच्या वापरात सुधारणा दिसली नाही. चुलीची रचना वाईट नव्हती. लोक ती नियमित आणि योग्य रीतीने वापरत नव्हते, तडा गेला की लिंपत नव्हते आणि वापर वर्षागणिक कमी होत गेला.

म्हणजे निर्धूर चूल एकदा बसवून विसरून जाण्याची वस्तू नाही. सायकलच्या साखळीला तेल लागते, तशी या चुलीला दर आठवड्याला थोडी मेहनत लागते. ती थांबली की निर्धूर चुलीची पुन्हा साधी चूल होते.

बसवताना

चुलीची जागा शक्यतो बाहेरच्या भिंतीलगत असावी. धुराडे सरळ वर काढता येते आणि झोपायच्या खोलीपासून धूर दूर राहतो. दारातून येणारा वारा थेट चुलीच्या तोंडावर येऊ नये. समोरासमोर दार आणि खिडकी असेल, तर चूल त्या झोताच्या बाजूला घ्यावी. धुराडे असले, तरी एक झरोका वरच्या बाजूला हवाच.

धुराडे काम कसे करते, हे समजले की पुढच्या चुका टळतात. गरम हवा हलकी असते, ती नळीतून वर चढते आणि चढताना चुलीतला धूर मागून ओढून घेते. नळी जितकी उभी आणि सरळ, तितकी ओढ चांगली. म्हणून वळणे टाळावीत. भिंतीतून आडवी नळी काढून तिथेच सोडून दिली, तर वाऱ्याची झुळूक सगळा धूर घरात परत ढकलते. नळीचे टोक कौलांच्या किंवा पत्र्याच्या वर निदान दोन फूट असावे. त्यावर टोपी बसवावी, म्हणजे पावसाचे पाणी आत येत नाही.

छप्पर गवताचे किंवा पाचटाचे असेल, तर तापलेली नळी त्याला टेकता कामा नये. नळीभोवतीचे गवत काढून तिथे पत्र्याची चौकट बसवावी. पूर्वी या कामाला सिमेंटचे पाईप सर्रास वापरत. त्यांत अनेकदा अ‍ॅस्बेस्टॉस असते. असा पाईप घरी करवतीने कापू नये, त्याची धूळ फुप्फुसाला घातक आहे. सरपणाचा ढीग, रॉकेलचा डबा, कपड्यांची दोरी आणि गॅसचा सिलिंडर चुलीपासून दूर असावा. चूल आणि सिलिंडर एकाच ओट्याशी, हे दृश्य अनेक घरांत दिसते आणि ते सर्वांत धोक्याचे आहे.

रोज पेटवताना

ओले लाकूड हे धुराचे मोठे कारण. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असू शकते. आधी ते पाणी उडवण्यात आग खर्च होते, आच मंदावते आणि धूर वाढतो. लाकूड फोडून, पावसापासून वाचवून, हवेशीर रचून काही महिने वाळवावे. वाळलेल्या लाकडाच्या टोकाला चिरा पडतात आणि दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणटणीत आवाज येतो. पावसाळ्याचे सरपण मे महिन्यातच आत घ्यायची जुनी रीत याच कारणाने शहाणपणाची आहे.

चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी, टायरचा तुकडा किंवा रॉकेल वापरू नये. प्लास्टिक आणि रबराच्या धुरात लाकडाच्या धुराहूनही विषारी वायू असतात. रंग दिलेली फळकुटे आणि प्लायवूडही चुलीत घालू नये. थंड धुराड्यात सुरुवातीला ओढ नसते, म्हणून आधी मूठभर वाळका पाला किंवा काटक्या पेटवून नळी गरम करावी आणि मग लाकडे घालावीत. लाकडे बारीक फोडून थोडी थोडी सरकवावीत. चुलीचे तोंड भरून टाकले, तर हवा आत जात नाही आणि धूर बाहेर येतो.

दोन भांड्यांच्या चुलीत वैलावर नेहमी भांडे हवे. एकच पदार्थ करायचा असेल, तर वैलावर पाण्याचे पातेले ठेवावे. ते भोक उघडे राहिले की नळीची ओढ तुटते. मोठे लाकूड मावत नाही म्हणून चुलीचे तोंड फोडून मोठे करणारी घरेही आहेत. त्याने चूल कायमची बिघडते. लाकूड फोडावे, चूल नव्हे.

पदर खोचलेला असावा. नायलॉन किंवा पॉलिस्टरची साडी पेट घेते तेव्हा वितळून कातडीला चिकटते, म्हणून चुलीपाशी सुती कपडा बरा. कपड्याने पेट घेतलाच, तर पळू नये. जमिनीवर लोळावे किंवा जाड सुती चादर गुंडाळून आग विझवावी. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा शाई लावू नये. रांगते मूल चुलीपासून दूर, शक्यतो दुसऱ्या खोलीत असावे.

आठवड्याचे आणि महिन्याचे काम

रोज चूल थंड झाल्यावर राख काढावी. राखेत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो, म्हणून ती पत्र्याच्या घमेल्यात काढून पाणी शिंपडावे. उकिरड्यावर किंवा गंजीजवळ गरम राख टाकू नये. आठवड्यातून एकदा दोन भांड्यांमधला बोगदा हाताने किंवा वाकड्या सळईने मोकळा करावा. तडे दिसले की त्याच दिवशी माती, शेण आणि भुशाच्या काल्याने लिंपावेत.

महिन्यातून एकदा, आणि ओले सरपण किंवा गोवऱ्या जास्त जळत असतील तर पंधरा दिवसांनी, धुराडे झाडावे. लांब काठीला नारळाच्या शेंड्या किंवा चिंध्या घट्ट बांधल्या की उत्तम कुंचा तयार होतो. चूल पूर्ण थंड असताना, नाकातोंडाला ओला रुमाल बांधून, वरून खाली काजळी पाडावी आणि खालून काढून घ्यावी. साचलेली काजळी नळी अरुंद करते आणि एखाद्या दिवशी नळीतच पेट घेते. चूल नीट चालते का, हे ओळखायला यंत्र लागत नाही. धूर छपराच्या वर दिसायला हवा, घरात नाही. भांड्याच्या कडेने धूर येऊ लागला किंवा भिंत नव्याने काळवंडू लागली, की धुराडे झाडायची वेळ झाली.

बंद खोलीतला निखारा

आता कार्बन मोनॉक्साइड. धूर डोळ्यांना झोंबतो, त्यामुळे माणूस बाहेर पळतो. निखारा मात्र झोंबत नाही. लालबुंद कोळशातून धूर येत नाही, म्हणून लोक त्याला निर्धोक समजतात. नेमके त्यातूनच हा वायू भरपूर निघतो. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. थंडीत शेगडी खोलीत घेऊन, दार लावून झोपलेले कुटुंब सकाळी उठत नाही, ते यामुळे.

बाळंतिणीची खोली तर आपल्याकडे मुद्दाम बंद ठेवतात. वारा लागू नये म्हणून खिडकीला कापड आणि शेकायला खाटेखाली शेगडी. हे आई आणि बाळ दोघांच्याही जिवाशी खेळणे आहे. ऊब हवी असेल, तर बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने धरून वर पांघरूण घालावे. टोपी आणि मोजे घालावेत. आईला शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते. न्हाणीघरातला बंबही दार लावून पेटवू नये. तो अंगणात किंवा पडवीत पेटवावा आणि फक्त तापलेले पाणी आत न्यावे.

घरातल्या दोघातिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, चक्कर आली आणि ताप नाही, तर हा वायू मनात आणावा. आधी दारे-खिडक्या उघडून सर्वांना मोकळ्या हवेत न्यावे, मग १०८ला फोन करावा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नये. या विषबाधेत तो ‘सारे ठीक’ असा आकडा दाखवू शकतो. रुग्णालयात मिळणारा शुद्ध प्राणवायू हाच यावरचा मुख्य उपचार आहे, म्हणून बरे वाटू लागले तरी जाणे गरजेचे.

चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, चढाला पूर्वीपेक्षा लवकर दम लागत असेल किंवा छातीतून घरघर ऐकू येत असेल, तर ‘वयामुळे होते’ म्हणून बसू नये. खोकला लांबला तर थुंकीची क्षयरोगासाठी तपासणीही करून घ्यावी. आजार लवकर सापडला, तर उरलेली फुप्फुसे वाचवता येतात. आणि चुलीपुढे बसणारी बाई बहुतेक वेळा धुराड्यापर्यंत चढत नाही. कुंचा हातात घ्यायचे काम तरी घरातल्या पुरुषांनी आपले मानावे. महिन्यातून अर्धा तास पुरतो.