विमान सव्वा तासाचे, प्रवास किती तासांचा?

रात्री अकराला नागपुरातून फोन येतो. वडील सांगतात, "आईला दवाखान्यात ठेवलंय. घाबरू नको, पण निघता आलं तर नीघ." पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आधी विचारतो, "पहाटेचं विमान आहे का?" विदर्भातली किती मुले-मुली आज पुण्यात आहेत, हे दिवाळीच्या आधी ट्रॅव्हल्सच्या थांब्यावर उभे राहिले की कळते. त्यांच्या घरांना पुणे-नागपूर अंतर किलोमीटरमध्ये नको असते, तासांत हवे असते.

आता गंमत पाहा. पुण्याच्या लोहगाव विमानतळापासून नागपूरच्या सोनेगावपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती भरते सुमारे ६०५ किलोमीटर. रस्त्याने हेच अंतर सातशेच्या पुढे जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली अजनी-पुणे वंदे भारत तर ८८१ किलोमीटर धावते, कारण रूळ भुसावळ, मनमाड, दौंड असा वळसा घेतात. तिला बारा तास लागतात.

आणि विमानाला? तिकिटावर सव्वा ते दीड तास. जेट विमान ताशी आठशे किलोमीटरने उडते म्हणतात, तर ६०५ किलोमीटरला पाऊण तास पुरायला हवा! पण तिकिटावरची वेळ नुसत्या उड्डाणाची नसतेच. विमान जागेवरून हलते तेव्हापासून पलीकडे जाऊन उभे राहीपर्यंतची ती वेळ. धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, मग वर चढायला वीसेक मिनिटे, उतरायला तेवढीच. भर वेगाचा टप्पा जेमतेम अर्ध्या तासाचा. चहाचा कप रिकामा होतो न होतो तोच पट्टे बांधायची सूचना येते. शिवाय हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे असतात. नागपूरला जाताना ते पाठीशी, पुण्याला येताना तोंडावर. त्यामुळे जाण्यायेण्यात काही मिनिटांचा फरक पडतो.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. हिंजवडीत राहणाऱ्याला लोहगाव म्हणजे अख्खे शहर ओलांडणे. संध्याकाळी निघालात तर त्यातच विमानाइतका वेळ मोडतो. मग तपासणी, सामान, रांगा. सोनेगाव त्या मानाने सुखाचे, नागपूरकर अर्ध्या तासात घरी पोचतो. शिवाय लोहगाव मुळात हवाई दलाचा तळ आणि धावपट्टी एकच. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिच्या डागडुजीसाठी विमाने चौदा दिवस बंद होती. तेवढे दिवस पुण्याहून नागपूर पुन्हा रात्रभराच्या अंतरावर गेले.

आपल्या मुलाचा हिशेब मांडून पाहू. समजा, सहाचे विमान मिळाले. सव्वातीनला रिक्षा, साडेसातला सोनेगाव, सव्वाआठला आईच्या खाटेपाशी. म्हणजे सव्वा तासाच्या विमानाला पाच तास. फोन ठेवून त्याने तशीच रात्रीची ट्रॅव्हल्स पकडली असती, तर दुपारी बारा-एक वाजले असते. एवढे पैसे मोजून चार-साडेचार तासच वाचले, असे कुणी म्हणेल. पण मोठ्या डॉक्टरांची फेरी सकाळी असते. आणि ते काय विचारतील, काय सांगतील, या धास्तीने वडील रात्रभर एकटेच बाकावर बसलेले असतात.