म्हातारीचा भोपळा

आपल्या लहानग्यांच्या गोष्टींत जादूची कांडी फारशी सापडत नाही. सिंड्रेलाच्या भोपळ्याची परीला आधी बग्गी करावी लागते. पेरो या फ्रेंच लेखकानं १६९७ साली ती गोष्ट छापली, तेव्हापासून भोपळा घोडे जुंपूनच निघतो. आपल्या म्हातारीचा भोपळा मात्र शेवटपर्यंत भोपळाच राहतो. म्हातारी आत बसते आणि तो उड्या मारत रानातून घराकडे निघतो. बस्स!

या गोष्टीत वाघापेक्षा मला लेकीचं घर आवडतं. हाडाची काडं झालेली ती म्हातारी वाघाला सांगते, आत्ता मला खाऊन तुझं काय पोट भरणार? लेकीकडे जाते, तूप-रोटी खाते, जाडजूड होऊन येते, मग खा. परतीची वाट तीच आणि वाघही तिथंच. तरी बाई लेकीकडे धसका घेऊन बसत नाही, चांगली पोटभर जेवते! आपण मोठी माणसं साधा रक्ताचा रिपोर्ट यायचा असला तरी ताटावरून उठतो.

माझी आई शेवटच्या आजारात अंथरुणावर पडल्या पडल्या पणतवाला हीच गोष्ट सांगायची. लेकीकडचा मुक्काम ती रोज लांबवायची. आज थालीपीठ, उद्या साखरभात, परवा गरमगरम पुरणपोळी. पणतू एकेका पदार्थाला मान डोलवायचा आणि वाघ बिचारा रानात ताटकळत उभा. आम्ही स्वयंपाकघरात ऐकत असू, पण कुणी काही बोलत नसे.

चिऊ-काऊची गोष्ट हल्ली बऱ्याच आईबापांना निर्दय वाटते. पावसात कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलेलं आणि चिमणी दार उघडत नाही, हे काय संस्कार? मग कावळा ‘सॉरी’ म्हणतो, दोघं खाऊ वाटून घेतात, वगैरे. मला ही दुरुस्ती बेचव वाटते. मुलाचं लक्ष दाराबाहेर नसतंच. चिमणी बाळाला न्हाऊ घालते, पुसते, तीट लावते, निजवते, हे सगळं त्याचं स्वतःचं, रोजचं. त्याची अंघोळ इतकी महत्त्वाची की बाहेर आभाळ कोसळत असलं तरी थांबावं! तीन वर्षांच्या जिवाला याहून मोठा मान कुठं मिळणार?

भावनगरच्या गिजुभाई बधेकांना हे पक्कं ठाऊक होतं. १९३२ सालच्या त्यांच्या ‘दिवास्वप्न’मधले मास्तर दंगेखोर वर्गाला छडीनं नव्हे, गोष्ट सांगून आपलंसं करतात. गिजुभाईंबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढं १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं. तात्पर्य विचारणाऱ्या पालकांनी ‘दिवास्वप्न’ एकदा तरी वाचावं. लहानसंच पुस्तक आहे.

बाकी मुलांची चौकशी वेगळ्याच जागी चालते. भोपळा चालतो कसा, हे मला आजवर एकाही पोरानं विचारलेलं नाही. म्हातारीला आत बिया टोचल्या नाहीत का, हे मात्र हटकून येतं. लेकीनं बिया आधीच काढून उन्हात वाळत घातल्या, असं मी सांगते. मग त्या सोलून कुणी खाल्ल्या, यावर आमच्याकडे अर्धा तास वाद चालतो.